दिवाळीची सुट्टी कोणाची संपते?

दिवाळीची सुट्टी संपून शाळांचे दुसरे सत्र सुरू झाले, की पहिली-दुसरीच्या वर्गांत काही दिवस सुस्ती असते. वळणे बिघडलेली असतात, पाढे अडखळतात. जाणता शिक्षक अशा वेळी पुस्तकाची घाई करीत नाही. मामाच्या गावच्या गोष्टी तो मुलांकडून बोलून घेतो, त्याच फळ्यावर लिहितो, पणत्यांची बेरीज करावयास लावतो. आठवडाभरात वर्ग पूर्वपदावर येतो. छत्रपती संभाजीनगरच्या शहरी शाळांपुरता प्रश्न येथे मिटतो.

याच जिल्ह्यातील कन्नड, पैठणकडील ऊसतोड मजुरांच्या वस्त्या-तांड्यांवर मात्र शाळा उघडण्याच्या सुमारासच मुलाची सुट्टी सुरू होते. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी नवरा-बायकोची जोडी ‘कोयता’ म्हणून कारखान्याची वाट धरते आणि घरी सांभाळणारे कोणी नसेल, तर मूलही बरोबर निघते. फडावर थोरली बहीण धाकट्याला सांभाळते, म्हणून आईचे हात तोडणीला मोकळे राहतात. मजुरीच्या हिशेबात हा बालश्रम कोठेच दिसत नाही. ऊस मात्र त्याच्याही आधारावर तुटतो.

हंगाम सरून मार्च-एप्रिलमध्ये हे मूल परतते, तेव्हा वर्ग वार्षिक परीक्षेच्या तयारीत असतो. चार-पाच महिन्यांच्या खंडानंतर त्याला शेवटच्या धड्यावर आणून बसविणे हे शिक्षण नव्हे, ती केवळ हजेरी. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याच्या चौथ्या कलमात वयानुरूप प्रवेशाबरोबर विशेष प्रशिक्षणाचीही सोय आहे. पण त्यासाठी मूल शाळाबाह्य ठरावे लागते, आणि तशी नोंद करण्यात शाळेचा लाभ काही नाही. पट घसरण्याची धास्ती तेवढी आहे. मग नाव हजेरीपटावर राहते आणि मूल फडावर.

यावर हंगामी वसतिगृहांचा उपाय शासनाने काढला, तो मूलतः शहाणपणाचा आहे. मूल गावातच, बहुधा आजी-आजोबांच्या छायेत राहते. त्याच्या जेवणाचा भार सरकार उचलते. खंड पडल्यावर तो भरून काढण्यापेक्षा खंडच पडू न देणे केव्हाही स्वस्त. मात्र मुकादमाची उचल पावसाळ्यातच घरात येऊन खर्चीही पडलेली असते. वसतिगृहाची मंजुरी ट्रक निघून गेल्यावर पोहोचली, तर तिचा उपयोग काय? सरकारी तिजोरीनेही मुकादमाइतकी तत्परता दाखवावी, ही अपेक्षा अवाजवी नाही.

तरीही काही मुले जाणारच. ती परततात तेव्हा अगदी रिकामी येत नाहीत. मोळ्यांची मोजदाद त्यांच्या कानांवरून गेलेली असते, टनाचा भाव ठाऊक असतो. ‘प्रथम’ संस्थेने इयत्तेऐवजी वाचनाच्या व गणिताच्या पातळीप्रमाणे मुलांचे गट पाडून शिकविण्याची पद्धत रूढ केली. अशा गटात या मुलांचे गणित मोळीपासून सुरू होऊ शकते. अडचण दिवसांची आहे. एप्रिलमध्ये मूल येते, मे महिन्यात शाळेला कुलूप लागते, जूनमध्ये ती उघडते आणि दसरा उलटताच मुकादमाचा निरोप येतो. म्हणजे त्याचे शालेय वर्ष जेमतेम चार महिन्यांचे. विशेष वर्ग भरवावयाचे, तर ते मे महिन्यातच भरवावे लागतील. आणि त्या दिवसांचे मानधन, पाणी व दुपारचे जेवण यांची तरतूद जिल्हा परिषदेच्या अंदाजपत्रकात आधीच करून ठेवावी लागेल.