सुकतीची वेळ

पहाटे ५. पौर्णिमा होऊन दोन दिवस झालेत, म्हणजे आज उधाणाची सुकती. मालवणात ती पावणेसातच्या आसपास. स्पंजांची मोजणी घड्याळ बघून होत नाही, सुकती बघून होते. पिशवीत २० मीटरची टेप, अर्ध्या मीटरची चौकट, पाटी, पेन्सिल, हातमोजे आणि वनखात्याचं परवानगीपत्र. १९८७पासून इथे सागरी अभयारण्य आहे. पेरभर तुकडा घ्यायलाही परवानगी लागते, आणि लागायलाच हवी.

सकाळी ६. रॉक गार्डनखालचे खडक उघडे पडू लागलेत. वरून पाहावं तर नुसती कालवं आणि शेवाळ. स्पंज राहतात दगडाच्या पोटाखाली, उन्हापासून लपून. चौकटीतला एक दगड सावकाश उलटला: विटकरी पापुद्रा, त्याला खेटून पिवळा, आणि कडेला फिकट जांभळा, त्यावर ओळीने बारीक धुराडी. अंगभरच्या छिद्रांतून पाणी आत ओढायचं, त्यातले जिवाणू गाळून खायचे, उरलेलं पाणी धुराड्यांतून बाहेर सोडायचं. ना पोट, ना मेंदू, तरी हा प्राणीच.

आधी पट्टी ठेवून फोटो, मगच हात. मऊ की चिवट, चिकट आहे का, वास कसला, हे सगळं इथेच लिहायचं. अल्कोहोलच्या बाटलीत रंग उतरून जातो. मग दगड होता तसाच ठेवायचा. एकदा घाईत माझ्याकडून एक उताणा राहिला. महिन्याभराने गेले तर पोटाखालची सगळी वस्ती वाळून पांढरी पडली होती. त्या दिवसापासून दगड ठेवल्यावर मी दोनदा बघते.

सकाळी ९. होडीने सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आडोशाला. दोन-तीन मीटर पाणी, खाली गाळ. जुन्या शिंपल्यावर पिवळे ठिपके दिसले: क्लायोना, चुना कोरून आत घर करणारा. गाळाखाली अर्धा दडलेला नारिंगी चेंडू, सिनाकायरेला. खरी पंचाईत आकाराची. लाटांच्या माऱ्यात पापुद्र्यासारखा पसरणारा स्पंज आडोशाला बोटांसारखा वर वाढू शकतो. नुसत्या नजरेने मोजलं तर एकाचे दोन होतात, नाहीतर दोनाचा एक.

“ताई, पाणी भराक लागला,” तांडेलमामा म्हणाले. निघालो.

दुपारी १. जेवण, थोडी झोप.

दुपारी ३. मोहरीएवढा तुकडा काचेच्या नळीत, वर ब्लीचचे थेंब. मांस विरघळतं, तळाशी पांढरी भुकटी उरते. पाण्याने तीनदा धुवायची, मग अल्कोहोलने, मग काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली. ती भुकटी म्हणजे कंटिका, स्पंजाचा सांगाडा. जगात स्पंजांच्या ९,०००हून अधिक जाती नोंदल्या गेल्यात आणि बहुतेकींची ओळख इथेच पटते.

सकाळी ‘विटकरी पापुद्रा’ म्हणून एकाच नावाखाली दोन तुकडे लिहिले होते, शेजारशेजारच्या दगडांवरचे. पहिल्यात नुसत्या टाचण्या, एका टोकाला गोल डोकं. दुसऱ्यात डोकं कुठेच नाही, दोन्ही टोकं अणकुचीदार. मी दोन्ही पट्ट्या पुन्हा पुन्हा बदलून पाहिल्या. एकाच रंगाखाली दोन वेगळे प्राणी, हातभर अंतरावर.

रात्री ८. वहीत ‘विटकरी पापुद्रा’ खोडून ‘अ’ आणि ‘ब’ लिहिलं. ‘ब’पुढे पेन्सिलीने प्रश्नचिन्ह, त्याच्या बारीक कंटिका अजून शोधायच्यात. पूर्वीच्या फेऱ्यांतल्या ‘विटकरी’ अशा सगळ्या बाटल्या आता पुन्हा उघडाव्या लागणार. उद्या सुकती पाऊण तास उशिरा आहे.