गोटी सोड्याची बाटली आणि वीस मीटर तार

वर्धा जिल्ह्यात 1975 पासून दारूबंदी आहे. म्हणजे जगभरचे हौशी रेडिओवाले अँटेनाच्या टोकाला जी वस्तू हौसेने टांगतात, ती बिअरची रिकामी बाटली, या जिल्ह्यात कायद्याने सापडायलाच नको. प्रत्यक्षात ती कुठल्याही भंगारवाल्याकडे पोत्याने मिळते. ती तिथे कुठून येते हा वेगळ्या लेखाचा विषय आहे, आणि तो बहुधा राज्य उत्पादन शुल्क खात्याने लिहावा. इथला विषय बाटली रिकामी झाल्यानंतर सुरू होतो.

हौशी रेडिओ म्हणजे ‘हॅम’. केंद्रीय दळणवळण मंत्रालयाची परीक्षा द्यायची, परवाना घ्यायचा, व्हीयू-2 किंवा व्हीयू-3 ने सुरू होणारं स्वतःचं हाकनाव मिळवायचं आणि मग घरबसल्या दुसऱ्या गावच्या, दुसऱ्या देशाच्या हॅमशी बोलायचं, असा हा छंद. राजीव गांधींचं हाकनाव व्हीयू-2-आरजी होतं. संच विकत मिळतो, पण अँटेना मात्र बरेच जण आजही स्वतःच बांधतात, कारण ती बांधायला तार, दोरी आणि एखादं उंच कडुलिंबाचं झाड पुरतं. सात मेगाहर्ट्झचा, म्हणजे चाळीस मीटरचा पट्टा भारतीय हॅमचा दिवसा गप्पा मारायचा अड्डा. त्यासाठी साधी ‘डायपोल’ बांधायची तर साधारण वीस मीटर तांब्याची तार लागते. ती मधोमध कापायची, तिथे संचाकडून आलेली केबल जोडायची आणि दोन्ही टोकं दोन बाजूंना ताणून बांधायची. एवढ्यावर वर्ध्याहून मुंबई-पुण्याशी बोलता येतं.

या पट्ट्याशी वर्ध्याचं एक जुनं, आडवळणाचं नातंही आहे. 14 जुलै 1942 रोजी काँग्रेस कार्यकारिणीने ब्रिटिशांनी देश सोडावा असा ठराव केला, तो वर्ध्याला. ऑगस्टमध्ये मुंबईत नेत्यांची धरपकड झाली, वर्तमानपत्रांच्या मुसक्या बांधल्या गेल्या आणि उषा मेहता व त्यांच्या तरुण सहकाऱ्यांनी मुंबईत गुप्त ‘काँग्रेस रेडिओ’ उभा केला. तांत्रिक बाजू नरिमन प्रिंटर यांच्यासारख्या रेडिओच्या जाणकाराने सांभाळली, आणि शिकागो रेडिओवाले नानक मोटवाने यांनी सामग्री पुरवली. हे केंद्र स्वतःची तरंगलांबी 42.34 मीटर सांगत असे. हिशेब केला तर ती सात मेगाहर्ट्झच्या जरा वर येते, म्हणजे आजच्या हौशी पट्ट्यातच. पोलिसांना चकवण्यासाठी या मंडळींना सारखी जागा बदलावी लागे, आणि प्रक्षेपक हलला की एरियल नव्याने बांधणं आलंच. 12 नोव्हेंबर 1942 ला छापा पडला आणि उषाबेनना चार वर्षांची शिक्षा झाली.

तर, डायपोलची दोन टोकं. झाडाची ओली फांदी किंवा लोखंडी खांब आणि तारेचं टोक यांच्या मध्ये वीज अडवणारं काहीतरी हवं, त्यालाच इन्सुलेटर म्हणायचं. नवख्याला वाटतं, केबल मधोमध जोडलेली आहे, टोकाला काय असणार? असतं ते नेमकं टोकालाच. अर्ध्या तरंगाच्या तारेत प्रवाह मध्यावर सर्वांत जास्त आणि टोकाला जवळजवळ शून्य असतो, आणि व्होल्टेजचं गणित बरोबर उलटं. शंभर वॉटचा संच बोलत असताना टोकाशी सहा-सातशे व्होल्ट सहज असतात, शिखराला नऊशेपर्यंत. हात लागला तर कातडी भाजते, आणि हा चटका बराच काळ लक्षात राहतो.

काच हे व्होल्टेज सहज पेलते. बाटलीची साधी सोडा-चुन्याची काच आणि टेलिग्राफच्या खांबावर बसवायची जुनी काचेची टोपी यांत जातीचा फरक नाही. बाटलीचा रंग हिरवा की तपकिरी, यानेही काही बिघडत नाही. मानेभोवती चमकदार वर्ख असेल तर तो मात्र खरवडून काढावा, कारण तो धातू आहे. खरी गोम काचेच्या पोटात नसून पाठीवर असते. इलेक्ट्रिशियनकडचा पाचशे व्होल्टचा मेगर, म्हणजे इन्सुलेशनचा रोध मोजायचं यंत्र, घ्यावा, धुऊन कोरड्या केलेल्या बाटलीच्या मानेला एक तार आणि बुडाला दुसरी तार गुंडाळावी. काटा थेट अनंताला जाऊन बसतो. मग बाटलीला धुळीचा हात फासून तोंडाने वाफ सोडावी, आणि काटा खाली येताना दिसतो. काचेला ओलावा आवडतो. पाण्याचा थर तिच्यावर थेंबांत न तुटता पसरतो, त्यात धूळ विरघळली की विजेला वाट मिळते. म्हणूनच इन्सुलेटर जाडीपेक्षा लांबीने मोजायचा असतो, म्हणजे एका तारेपासून दुसऱ्या तारेपर्यंत विजेला पृष्ठभागावरून किती चालावं लागतं त्या अंतराने. बाटली इथे आपोआप पास होते. चिनी मातीच्या बोटभर इन्सुलेटरपेक्षा तिची लांबी कितीतरी जास्त.

मग अडचण कुठे? पकडीत.

बाटली द्रव ठेवण्यासाठी घडवलेली, ताण घेण्यासाठी नव्हे. तिच्या तोंडाशी ओठ असतो, तिथे तार अडकते. बुडाशी काहीच नाही, गुळगुळीत गोल भिंत. दोरी बांधली की सटकते. हा प्रश्न बाटलीपुरता नाही, इन्सुलेटरचा सगळा इतिहासच पकडीचा आहे. अमेरिकेतल्या पहिल्या टेलिग्राफ ओळींवर काचेच्या टोप्या लाकडी खुंटीवर नुसत्या बसवलेल्या असत आणि वाऱ्याने, तारेच्या ओढीने त्या निघून येत. 1865 मध्ये लुई कोव्हे नावाच्या माणसाने टोपीच्या आत स्क्रूचे आटे पाडायचं पेटंट घेतलं, तेव्हा कुठे ती खुंटीला घट्ट बसली. काच तीच होती, आट्यांनी काम केलं. पुढे हॅम मंडळींसाठी अमेरिकेच्या कॉर्निंग कंपनीने पायरेक्सचे लांबट इन्सुलेटर काढले, त्यांच्याही दोन्ही टोकांना तार ओवायला भोकं होती. बाटलीला ते भोक नाही. हिऱ्याच्या बिटने, पाणी सोडत सोडत ते पाडता येतं, पण बिट मोडण्याची आणि बाटली तडकण्याची शक्यता सारखीच.

आपल्याकडे यावर उपाय जुनाच आहे, शिंकं. दुधाचं भांडं मांजराच्या वर टांगायला जे विणत होतो, तेच नायलॉनच्या बारीक दोरीचं, लहान. बाटली त्यात अशी बसवायची की मान बाहेर आणि खांद्याशी दोरीचं कडं. शिंक्याच्या दोऱ्या अंगावरून मागे जाऊन बुडापलीकडे एकत्र होतात, तिथून झाडाकडची दोरी निघते. अँटेनाची तार ओठाखाली दोन वेढे घेऊन पिळायची. आता तार ओढते तेव्हा खांदा दोरीच्या कड्यात रुततो, तिथे काच दाबली जाते, मानेला मात्र ताण बसतो. दाब काच मजेत सोसते, तिला ताण आणि चरा सोसत नाही. म्हणून तारेखाली एखादा मऊ थर हवा, नाहीतर वाऱ्याने करवतीसारखी घासणारी तार मानेवर रेघ पाडते आणि एक दिवस बाटली त्या रेघेवर तुटते. इथे बहुतेकांचा हात सायकलच्या जुन्या ट्यूबकडे जातो. तो आवरावा. काळ्या रबरात कार्बन मिसळलेला असतो, आणि जिथे व्होल्टेज सर्वांत जास्त तिथेच कार्बन गुंडाळण्यात शहाणपणा नाही. नळवाल्याची पांढरी टेफ्लॉन टेप उत्तम.

शिंक्याविना ज्या बाटलीचं भागतं ती दारूची नव्हेच. ती गोटी सोड्याची. लंडनच्या हिरम कॉडने 1872 मध्ये पेटंट घेतलेली ही बाटली भारतात अजून तग धरून आहे, आणि इन्सुलेटर म्हणून कॉडसाहेबांनी तिचा विचार केला नसला तरी तिचा आकार तसा विचार केल्यासारखाच आहे. वायूचा दाब झेलायचा म्हणून काच जाड. वर ओठ, खाली चिमटा घेतल्यासारखी कंबर, आणि दोहोंच्या मध्ये गोटीची खोली. तार ओठाखाली, दोरी कंबरेत, दोऱ्या अंगावरून मागे. दोन्हीकडे पकड आयती. साध्या बाटलीला जे जन्मजात नाही ते हिला आहे. मात्र सोडावाला रिकामी बाटली परत मागतो, तेव्हा त्याच्याकडून रबरी वायसर गेलेली, वायू न धरणारी बाटली मागून घ्यावी. कपचा उडालेली घेऊ नये.

दवाखान्याच्या काचेच्या बाटल्यांचा मोह होतो, विशेषतः सेवाग्रामसारख्या मोठ्या रुग्णालयाच्या आसपास राहणाऱ्यांना. जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांनुसार ती काच वेगळी गोळा होऊन ठरल्या मार्गानेच जायला हवी. तिला हात लावू नये. औषधाच्या दुकानात दशमूलारिष्टाची तपकिरी काचेची बाटली मिळाली तर ती चांगली, शिवाय दारूबंदीच्या जिल्ह्यात निर्धास्त मिरवता येणारी.

टांगण्याखेरीज दुसरी रीत म्हणजे उपडी घालणं. लाकडी खुंटावर बाटली तोंड खाली करून बसवायची आणि वरून जाणारी तार तिच्या अंगाला बांधायची. जमिनीलगत लांबवर नेलेल्या, फक्त ऐकण्यासाठीच्या अँटेनांना हे फार सोयीचं. पावसात बाहेरची बाजू भिजली तरी पोटाची भिंत बरीच कोरडी राहते. खांबावरच्या इन्सुलेटरला घागरे असतात ते याचसाठी. उभ्या अँटेनाला तळाशी आधार हवा असेल तर बाटली गळ्यापर्यंत जमिनीत पुरून ॲल्युमिनियमची नळी तिच्या मानेवर चढवतात. आणि बुड कापलेली बाटली भिंतीच्या भोकात बाहेरच्या बाजूला उतरती बसवली की तार घरात आणायचा छान मार्ग होतो, टिनाच्या छपराला न चिकटता. कापायची रीत जुनीच आहे. रॉकेलमध्ये भिजवलेला सुती दोरा गुंडाळून पेटवायचा, विझता विझता थंड पाण्यात बुडवायची. डोळ्यांवर चष्मा आणि हातात जाड मोजे घालून.

एवढा खटाटोप कशाला, दहा-वीस वॉटला नायलॉनची नुसती दोरी किंवा पीव्हीसी पाइपचा तुकडा पुरत नाही का, असं कोणी विचारेल. पुरतो, पण किती दिवस? वर्ध्याच्या उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो आणि छपरावर दिवसभर सावलीचा ठिपका नसतो. अतिनील किरणांनी नायलॉनची दोरी फुसकी होते, पीव्हीसी फिकट पडून कडक होतो. काचेला ऊन लागत नाही. बाटली अँटेनावर घ्यायचं विदर्भातलं खरं कारण हे आहे, व्होल्टेज नव्हे. म्हणून शिंक्याची दोरी दरवर्षी बदलावी आणि बाटली तीच ठेवावी.

उन्हाचा एक धोका काचेलाही आहे. तापलेल्या बाटलीवर मृगाच्या आधीचा पहिला गार सडाका आला की चाळीसेक अंशांचा झटका बसतो, आणि ज्या बाटलीला आधीच चरा आहे ती तिथेच तडकते. दुसरा धोका पाण्याचा. बाटलीत पाणी साचलं की ती भिंगासारखी ऊन एकवटू शकते, आणि खाली वाळलेलं गवत किंवा कपाशीच्या पऱ्हाट्यांचा ढीग असेल तर पुढचं सांगायला नको. तोंड नेहमी खालच्या बाजूला कललेलं हवं. उघड्या तोंडात कुंभारमाशी घर बांधते तो भाग निराळा. तिचा चिखल ओला झाला की मानेशी व्होल्टेजला आयता रस्ता मिळतो. बाटलीच्या तोंडाला जाळीचा तुकडा बांधला की तिचा प्रश्न मिटतो.

मग कापूस. हंगामात जिनिंगच्या आसपास हवेत तंतू उडतात आणि ओल्या काचेवर चिकटून वाळतात. मान्सूनचा पाऊस ते धुऊन नेतो, पण डिसेंबर-जानेवारीच्या दवात बाटलीवर राखाडी साय दिसते. असा मळ वीजवाहिन्यांच्या इन्सुलेटरवरही बसतो. 11 केव्हीच्या वाहिनीवर एखादा मळलेला किंवा तडकलेला इन्सुलेटर बारीक ठिणग्या सोडू लागला की सात मेगाहर्ट्झवर सतत घरघर ऐकू येते. हॅमला ती आधी ऐकू येते, लाइनमनला नंतर दिसते. हाती ट्रान्झिस्टर घेऊन खांबाखांबाशी थांबत, घरघर कुठे वाढते ते ऐकत नेमका खांब शोधायचा हा हॅमचा ठरलेला उद्योग आहे. खांबाला हात न लावता, अर्थात. उच्चदाब वाहिन्यांवर कडक केलेल्या काचेच्या तबकड्याही वापरतात, आणि त्यांची खुबी अशी की निकामी झालेली तबकडी अख्खी फुटून गळते, म्हणून खालून नुसत्या डोळ्यांनी ओळखू येते.

बांधताना आणखी दोन गोष्टी. साडेसहाशे मिलिलिटरची बाटली अर्ध्या किलोच्या घरात जाते, तिच्या वजनाने तार झोल खाते. शक्य तिथे लहान बाटली घ्यावी. आणि झाड हलतं. दोरी फांदीला पक्की बांधली तर वादळात तार किंवा मान, दोहोंपैकी एक तुटणार. दोरी कप्पीवरून खाली सोडून तिला विटांचं वजन लावलं की झाड झुललं तरी ताण तेवढाच राहतो. वीजवाहिनीच्या जवळपास तार न्यायची नाही, ती तुटून कुठे पडेल याचा अंदाज घेऊनच जागा ठरवायची. ढग गडगडू लागले की केबल संचापासून काढून घराबाहेर टाकायची. आकाशातल्या विजेपुढे बाटली आणि चिनी माती दोन्ही सारख्याच निरुपयोगी.

आणि जिथे खालून माणसं जातात, म्हणजे रस्ता, शाळेचं आवार, अंगण, तिथे बाटली लावूच नये. तिथे बाजारातला अंड्याच्या आकाराचा चिनी मातीचा इन्सुलेटर घ्यावा, वीज मंडळाच्या खांबाच्या तणाव्यात असतो तसा. त्यात दोन्ही तारांचे फास एकमेकांत अडकवलेले असतात आणि चिनी माती मध्ये दाबली जाते. ती फुटली तरी तार खाली येत नाही. बाटलीला हे साधायचं तर तारेच्या टोकापासून मागच्या दोरीपर्यंत एक वेगळी, सैल दोरी बांधावी लागते, आणि तीही उन्हाळ्याआधी दरवर्षी नवी.