गायरानातलं गाजर गवत

पाऊस झाला. गायरान हिरवं झालं. आपण गुरं सोडली. पण गुरं तोंड लावीनात! हुंगतात आणि पुढं जातात. असं का? जवळ जाऊन पाहू. हा चारा नव्हे. हे गाजर गवत आहे. कोणी याला काँग्रेस गवत म्हणतात, कोणी चटक चांदणी.

हे गवत मूळचं आपलं नाही. ते अमेरिका खंडातून आलं. १९५५ च्या सुमारास ते पुण्यात नजरेस आलं. आज ते देशभर पसरलं आहे.

ओळखायचं कसं?

पानं गाजराच्या पाल्यासारखी असतात. पण उपटून पाहा, खाली गाजर नाही! लहानपणी पानं जमिनीलगत पसरतात. मग मधून दांडा वर येतो. तो कमरेइतका वाढतो. वर बारीक पांढरी फुलं येतात.

त्रास काय?

ते चाऱ्याची जागा बळकावतं. भुकेल्या गाईनं ते खाल्लं तर दूध कडू होतं. आपल्या अंगाला खाज सुटते, पुरळ येतं. कुणाला दमा लागतो.

काय करावं?

एका झाडाला हजारो बिया येतात. वाऱ्यानं, पाण्यानं, गुरांच्या खुरांनी बी दूरवर जातं. मातीत ते वर्षानुवर्षं जिवंत राहतं. म्हणून एकच गोष्ट ध्यानात ठेवू : फूल येण्याआधी उपटायचं. उगवल्यापासून महिन्या-दीड महिन्यात फूल येतं. तेवढीच आपल्याला मुदत.

नुसतं कापू नये. बुडख्यातून ते पुन्हा फुटतं. पावसानं माती मऊ झाली की मुळासकट उपटावं. हातांत मोजे घालावे, नाकाला फडकं बांधावं. दमेकऱ्यानं या कामाला येऊ नये. बिनफुलाचं गवत खड्ड्यात टाकलं तर त्याचं खत होतं. फुललेलं मात्र खतात घालू नये.

मोकळ्या जागेत ते पुन्हा येतं. म्हणून गायरानाचा एकेक भाग काही दिवस चराईला बंद ठेवावा. चांगलं गवत दाट झालं की याला जागा उरत नाही. वाटेच्या कडेला तरोट्याचं बी टाकावं. तरोटा याला दाबून टाकतो.

याची पानं खाणारा एक भुंगाही आहे. १९८४ पासून तो आपल्या देशात सोडला गेला. मूळ मेक्सिकोचा. पावसाळ्यात तो पानांवर दिसला तर मारू नये. तो आपलंच काम करतो.

एकट्यानं उपटून भागत नाही. शेजारच्या बांधावर चार झाडं फुलली, तर पुढच्या साली आपल्याकडं पुन्हा रान माजतं. गायरान साऱ्या गावाचं आहे. तेव्हा दिवस ठरवू आणि घरटी एक माणूस निघू. फूल यायच्या आत!