लिनक्सवर संगणक-खेळ

विंडोज या संचालन प्रणालीसाठी तयार केलेले व्हिडिओ गेम लिनक्स या मुक्तस्रोत प्रणालीवर, तसेच लिनक्सवर चालणाऱ्या हातात धरायच्या उपकरणांवर खेळण्याला सामान्यतः लिनक्स गेमिंग असे म्हणतात. संगणकासाठीचे बहुसंख्य व्यावसायिक खेळ केवळ विंडोजकरिता बनतात. ते लिनक्सवर चालवण्यासाठी वाइन, प्रोटॉन आणि डीएक्सव्हीके या मुक्तस्रोत आज्ञावलींचा उपयोग होतो. या मार्गातील तांत्रिक अडथळे आता बरेच दूर झाले आहेत. तथापि काही लोकप्रिय ऑनलाइन खेळ त्यांच्या कंपन्यांच्या निर्णयामुळे लिनक्सवर चालत नाहीत.

पार्श्वभूमी

वाइन प्रकल्पाचा आरंभ १९९३ मध्ये झाला. बॉब ॲमस्टाट आणि एरिक यंगडेल यांनी तो सुरू केला आणि १९९४ पासून अलेक्झांडर ज्युलियार्ड त्याचे नेतृत्व करीत आहेत. या नावाचा मद्याशी संबंध नाही. ‘वाइन इज नॉट ॲन एम्युलेटर’ या वाक्याची ती आद्याक्षरे असून त्यातले पहिले अक्षर पुन्हा ‘वाइन’चेच आहे, व्याकरणदृष्ट्या हा शब्द स्वतःचीच फोड स्वतःच्या आधाराने करतो. मायक्रोसॉफ्टची मूळ संहिता उपलब्ध नसताना केवळ विंडोजचे वर्तन पाहून तिची प्रतिकृती घडवायची असल्याने पहिली स्थिर आवृत्ती, १.०, येण्यास जून २००८ उजाडला.

दुसरा मार्ग खेळ लिनक्ससाठी नव्याने बांधण्याचा. लोकी सॉफ्टवेअर या अमेरिकी कंपनीने १९९८ पासून तो प्रयत्न केला, परंतु ग्राहक थोडे असल्याने ती २००२ च्या आरंभी बंद पडली. तिथे काम करणाऱ्या सॅम लँटिंगा यांचे एसडीएल हे साधन मात्र टिकले आणि आजही असंख्य खेळांत वापरले जाते. मुळातच मुक्तस्रोत असलेले खेळ ही वेगळी परंपरा आहे. ‘०ए.डी.’ या प्राचीन इतिहासावरील व्यूहरचनेच्या खेळात मौर्य साम्राज्याच्या बाजूनेही खेळता येते.

कार्यपद्धती

पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेचा ‘राजी: ॲन एन्शंट एपिक’ (२०२०) हा खेळ उदाहरणादाखल घेता येईल. असुरांनी पळवलेल्या धाकट्या भावाचा शोध घेणाऱ्या मुलीची ही कथा आहे. संगणकावर हा खेळ विंडोजसाठी प्रसिद्ध झाला. लिनक्स संगणकावर तो सुरू केला असता पुढील गोष्टी घडतात.

खेळाच्या आज्ञा इंटेल वा एएमडीच्या प्रक्रियकाला थेट समजतात, कारण दोन्ही प्रणालींखाली प्रक्रियक तोच असतो. त्यामुळे त्यांचे भाषांतर करावे लागत नाही आणि वेगही फारसा घटत नाही. अडचण येते ती खेळ प्रणालीकडे काही मागतो तेव्हा: अमुक फाइल उघड, तमुक आवाज वाजव. ही मागणी विंडोजच्या रीतीने केलेली असते. वाइन ती ऐकून लिनक्सकडून काम करवून घेते. खेळाला जो ‘सी ड्राइव्ह’ दिसतो, तो प्रत्यक्षात लिनक्सवरचा एक साधा फोल्डर असतो. विंडोज फाइलच्या नावातील लहान-मोठी इंग्रजी अक्षरे सारखीच मानते, लिनक्स मानत नाही. असले बारीक भेदही वाइनला सांभाळावे लागतात.

चित्रांचा प्रश्न अधिक अवघड होता. विंडोजचे खेळ डायरेक्टथ्रीडी या मायक्रोसॉफ्टच्या पद्धतीने दृश्ये रेखाटतात. २०१६ मध्ये व्हल्कन ही खुली पद्धत आली आणि फिलिप रेबोले यांनी डायरेक्टथ्रीडीच्या आज्ञा व्हल्कनमध्ये उतरवणारी डीएक्सव्हीके ही आज्ञावली लिहिली. ऑगस्ट २०१८ मध्ये व्हॉल्व्ह कंपनीने कोडवीव्हर्सच्या सहकार्याने वाइन आणि डीएक्सव्हीके एकत्र करून ‘प्रोटॉन’ प्रसिद्ध केले व ते आपल्या स्टीम या खेळविक्री सेवेतच बसवले. तोपर्यंत खेळागणिक निराळ्या जुळवण्या कराव्या लागत. आता बहुधा एक बटण दाबणे पुरते.

हातातील उपकरणे

व्हॉल्व्हने २०१५ मध्ये ‘स्टीम मशीन’ नावाचे लिनक्स संगणक बाजारात आणून पाहिले होते. खेळच पुरेसे नसल्याने ते चालले नाहीत. प्रोटॉननंतर, फेब्रुवारी २०२२ मध्ये आलेल्या ‘स्टीम डेक’ला ही उणीव भासली नाही. सात इंची पडदा, १६ जीबी स्मृती आणि आर्च लिनक्सवर आधारलेली स्टीमओएस प्रणाली असे त्याचे स्वरूप होते. माउसऐवजी दोन स्पर्शफलक दिले आहेत आणि खेळ मध्येच थांबवून उपकरण निद्रावस्थेत ठेवता येते. छोट्या पडद्यावर अक्षरे वाचता येतात का, बटणांनी सर्व काही करता येते का, हे तपासून व्हॉल्व्ह प्रत्येक खेळाला दर्जा देते.

जुने संगणक

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची नियमित सुरक्षा-सेवा संपली. विंडोज ११ अनेक जुन्या संगणकांवर अधिकृतपणे बसत नाही, म्हणून लिनक्सचा पर्याय सुचवला जातो. लेखन-वाचनासाठी तो उत्तम आहे. खेळांबाबत सावधगिरी हवी. डीएक्सव्हीकेच्या अलीकडील आवृत्त्यांना व्हल्कन १.३ लागते आणि फार जुन्या चित्रपत्रिकांना ते जमत नाही. तिथे वाइनची ओपनजीएलवर आधारलेली जुनी पद्धत वापरावी लागते. हलके खेळ तिच्यावर चालतात, जड खेळ रखडतात.

मर्यादा

लबाडीने खेळणाऱ्यांना पकडणाऱ्या आज्ञावली ऑनलाइन खेळांत असतात. त्यांपैकी ईझी अँटी-चीट आणि बॅटलआय यांना २०२१ पासून प्रोटॉनवर चालण्याची सोय आहे; मात्र ती सुरू करायची की नाही, हे खेळाची कंपनी ठरवते. फोर्टनाइटने ती सुरू केलेली नाही. एपेक्स लेजंड्स हा खेळ लिनक्सवर व्यवस्थित चालत असताना ऑक्टोबर २०२४ च्या अखेरीस कंपनीने तिथला प्रवेश बंद केला. व्हॅलोरंटची पहारेकरी आज्ञावली विंडोजच्या गाभ्यातच बसते, त्यामुळे तिथे वाइनचा उपाय लागू पडत नाही. लिनक्सचा गाभा वापरकर्त्याला स्वतः बदलता येतो, म्हणून त्यावर विसंबता येत नाही, असा कंपन्यांचा युक्तिवाद असतो. ज्या मोकळिकीमुळे वाइन घडू शकले, तिलाच इथे दोष मानले जाते. एकट्याने खेळायच्या खेळांना ही अडचण सहसा येत नाही.