नातवाचा कॉम्प्युटर आणि काळा पडदा



गेल्या उन्हाळ्यात दिमोनाच्या आमच्या घरी दोन दिवस जेवणाच्या टेबलावर कुणालाही जेवता आलं नाही. टेबलावर नातवाचा कॉम्प्युटर पोट उघडून पडला होता.

नातू सतरा वर्षांचा. सुट्टीत दोन महिने दुकानात खोकी उचलली, फळ्या भरल्या, आणि त्या पैशांतून एकेक भाग आणून त्याने स्वतःच्या हातांनी खेळांसाठीचं मशीन जोडलं. अर्धे पैसे एकाच वस्तूला गेले. तिला ग्राफिक्स कार्ड म्हणतात. हिब्रूत 'कर्तीस मासाख', म्हणजे पडद्याचं कार्ड. मला हे नाव जास्त पटतं, कारण पडद्यावर जे दिसतं ते सगळं तेच काढतं.

बाळांनो, तुम्ही खेळता त्या पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतात. गुणाकार करून पाहा, वीस लाखांहून जास्त होतात. चांगला पडदा हे चित्र सेकंदाला १४४ वेळा बदलतो. म्हणजे दर सेकंदाला जवळजवळ तीस कोटी ठिपके रंगवायचे! प्रोसेसर हुशार खरा, पण त्याचे हात थोडे. कार्डात लहान लहान कामकरी हजारोंनी असतात. नातवाने घेतलेल्या रेडिऑन आरएक्स ७८०० एक्सटी या कार्डात ते ३८४० आहेत. प्रत्येकाने आपापला ठिपका रंगवायचा, असं ते काम चालतं.

तर बुधवारी रात्री त्याने बटण दाबलं. पंखे फिरले, दिवे लागले, आणि पडदा काळाच. 'सिग्नल नाही' एवढी पाटी आली आणि तीही गेली. पोराचा चेहरा पाहवेना.

"सबा, तू इलेक्ट्रिकचं काम केलंस ना? बघ ना जरा." (हिब्रूत तू आणि तुम्ही वेगळे नाहीत, म्हणून मराठी बोलतानाही आमची नातवंडं आम्हाला 'तू'च म्हणतात. पहिल्यांदा कानाला लागायचं. आता गोड वाटतं.)

काम केलं होतं, पण लोअर परळच्या रेल्वे वर्कशॉपात, डब्यांतल्या दिव्यांचं! इस्राएलला आलो १९६८ साली. कॉम्प्युटरच्या पोटात मी कधी हात घातला नव्हता. पण आमचे फोरमनसाहेब म्हणायचे की वीज तीच असते, फक्त डबा बदलतो. म्हणून चष्मा लावून बसलो.

आधी तारा पाहिल्या. पडद्याची तार मागे वरच्या भोकात खोचलेली होती. ते भोक मदरबोर्डचं. कार्डाची भोकं त्याच्या खाली, आडव्या पट्टीत असतात. नवीन मशीन जोडणाऱ्या दहांतल्या किती जणांची ही चूक होते देव जाणे, पण सगळ्यात आधी पाहायची जागा हीच. काही प्रोसेसरांना स्वतःचं थोडंफार चित्र काढता येतं, त्यांचं त्या वरच्या भोकातूनही दिसतं. नातवाचा प्रोसेसर इंटेलचा, नावाच्या शेवटी 'एफ' अक्षर. एफ असेल तर त्याला चित्र काढताच येत नाही, सगळा भार कार्डावर. (इंटेलचं डिझाइन केंद्र आपल्या हैफाला १९७४ पासून आहे, हे नातवाला ठाऊक नव्हतं. तेवढ्यात मी भाव खाऊन घेतला.)

तार कार्डात लावली. पडद्याच्या बटणाने योग्य वाट निवडली, कारण एचडीएमआयला तार लावून पडदा डिस्प्लेपोर्टकडे पाहत बसला तरी काळाच दिसणार. तरीही काही नाही. मग नातवाने मदरबोर्डच्या कडेला एक बारीक दिवा पेटलेला दाखवला. तिथे चार दिवे असतात: सीपीयू, डीरॅम, व्हीजीए आणि बूट. मशीन सुरू होताना एकेक भाग तपासत जातं, आणि जिथे अडतं तिथला दिवा पेटून राहतो. आमचा अडला होता व्हीजीएवर, म्हणजे कार्डावरच. मशीन स्वतःच आजाराची जागा सांगतं, ही सोय आमच्या डब्यांना नव्हती.

गुरुवारी कार्ड काढून पुन्हा बसवलं. इथे लहानांनी नीट वाचा. आधी मागचा स्विच बंद, तार भिंतीतून काढायची, मग चालू करायचं बटण पाच सेकंद दाबून धरायचं म्हणजे उरलीसुरली वीज निघून जाते. नंतर पेटीच्या उघड्या धातूला हात लावायचा. आमच्या नेगेवच्या कोरड्या हवेत लोकरी गालिच्यावरून चाललं तरी बोटातून ठिणगी उडते, आणि ती ठिणगी चिप मारू शकते. पॉवर सप्लायची बंद पेटी मात्र कोणीही, कधीही उघडायची नाही. तार काढल्यावरही आत वीज साठून असते.

कार्डाच्या खाचेच्या टोकाला एक खटका असतो. तो 'टक' करून वर आला तरच कार्ड नीट बसलं समजायचं. टक झालं. पडदा काळाच.

मग शेजारच्या मुलाकडून एक जुनं छोटं कार्ड मागून आणलं. ते लावलं, आणि चित्र आलं! म्हणजे पडदा चांगला, तार चांगली, खाच चांगली, प्रोसेसरही चांगला. नातू खाली बसला. "पाहिलंस सबा? माझंच कार्ड मेलंय. उद्या सकाळी दुकानात परत नेतो." शुक्रवारी दुकानं दुपारीच बंद होतात, म्हणून त्याने गजर लावला आणि खोकं दाराशी ठेवलं. दोन महिन्यांची मजुरी त्या खोक्यात. दुकानदार म्हणाला असता की तूच जोडताना बिघडवलंस, तर आम्ही काय दाखवणार होतो?

रात्री मला झोप येईना. वर्कशॉपातली एक गोष्ट आठवली. एका डब्यात पंखे चालत नव्हते. मी तारेला टेस्ट लॅम्प लावला, तो झकास पेटला. म्हणून मी सांगितलं, तार ठीक आहे, पंख्यांच्या मोटारी जळल्या. फोरमनसाहेबांनी माझ्यासमोर एक सैल स्क्रू पिळला आणि सगळे पंखे सुरू झाले. दिव्याला वीज लागते चिमूटभर, ती सैल जोडातूनही पोचते. मोटारींना लागते ओंजळभर. टेस्ट लॅम्प खोटं बोलला नव्हता, मीच त्याला अर्धा प्रश्न विचारला होता.

शेजाऱ्याचं ते छोटं कार्ड हाही टेस्ट लॅम्पच होता की! त्याला वेगळी तार लावावीच लागली नव्हती. खाचेतून जास्तीत जास्त ७५ वॉट मिळतात, तेवढ्यावर ते भागतं. नातवाच्या कार्डाला २६३ वॉट लागतात. उरलेली वीज आठ टोकांच्या दोन प्लगांतून येते, एकेका प्लगातून १५० वॉटपर्यंत. जुन्या कार्डाने सगळं तपासलं, पण त्या दोन तारा तपासल्याच नाहीत.

पहाटे पाचला उठलो, नातवालाही उठवलं. कार्ड खोक्यातून काढून परत बसवलं, आणि प्लग खोचल्यावर टॉर्च घेऊन पाहिलं. एक प्लग पूर्ण आत. दुसऱ्याची सहाच टोकं आत, आणि उरलेला दोन टोकांचा छोटा तुकडा मागे वाकून लोंबत होता. काही कार्डांना सहा टोकं पुरतात, काहींना आठ, म्हणून हा प्लग सहा अधिक दोन असा फुटका करतात. दोघांना हातात जुळवून एकत्र खोचायचा असतो. बुधवारच्या रात्रीही आणि गुरुवारीही तो तसाच राहिला होता. दोन टोकं रिकामी राहिली की कार्ड पुरी वीज मिळत नाही असं समजून कामच करत नाही.

नातवाने तुकडा जुळवून दाबला. टक! बटण दाबलं. व्हीजीएचा दिवा क्षणभर लागला आणि विझला, आणि पडद्यावर अक्षरं आली. पोराने मला मिठी मारली तेव्हा चष्मा खाली पडला.

इथे आणखी एक सांगून ठेवतो. प्रोसेसरचा प्लगही आठ टोकांचा आणि तसाच दिसतो, पण तो चार अधिक चार असा फुटतो आणि त्याच्या तारांचा क्रम उलटा असतो. जो प्लग सहज जात नाही तो जोर लावून घालू नका. एका कंपनीच्या पॉवर सप्लायच्या सुट्या तारा दुसऱ्या कंपनीच्या पेटीलाही लावू नका. कार्डाला दोन प्लग असतील तर दोन वेगळ्या तारा घ्याव्यात, एकाच तारेची दोन शेपटं नकोत. काही नव्या कार्डांना सोळा टोकांचा एकच बारीक प्लग येतो. २०२२ साली तो अर्धवट बसल्याने वितळल्याच्या बातम्या आल्या होत्या. पुढच्या वर्षी त्याची रचना सुधारली. तोही पूर्ण आत गेला की नाही ते डोळ्यांनी पाहायचं.

नंतरच्या तक्रारी किरकोळ. अक्षरं मोठी आणि फुगलेली दिसत होती, कारण विंडोजने कामचलाऊ ड्रायव्हर लावला होता. कार्ड बनवणाऱ्या कंपनीचा ड्रायव्हर घातला आणि ठीक झालं. १४४ चा पडदा ६० वरच चालत होता, तो सेटिंगमध्ये जाऊन स्वतः वाढवावा लागतो. मग नातू पुन्हा घाबरला, कार्डाचे पंखे थांबलेत! पण कार्ड थंड असलं की पंखे थांबतात, ती सोयच आहे. खेळ सुरू झाला आणि ते फिरू लागले.

खरंच बिघडलेलं कार्डही असतं. विंडोज येण्याआधीच्या पडद्यावरसुद्धा रंगीत चौकोन आणि रेघा दिसल्या तर ड्रायव्हरला दोष देऊ नका, कार्डाचाच संशय घ्या, आणि ते दुसऱ्याच्या मशीनमध्ये लावून बघा. तिथेही तसंच दिसलं तर बिल आणि खोकं घेऊन दुकान गाठा. म्हणून खोकं फेकायचं नसतं. आमच्या सौभाग्यवतींना हे अजून मान्य नाही, कारण ते खोकं त्यांच्या कपाटावर आहे.

शेजाऱ्याचं कार्ड डबाभर चिवड्यासह परत केलं. संध्याकाळी नातवाने मला खुर्चीत बसवून मोटारींचा एक खेळ लावून दिला. समुद्रकाठचा रस्ता, पाण्यावर ऊन, अगदी खरंखुरं. दुसऱ्याच वळणावर मी गाडी भिंतीवर घातली.