मण्यार : निद्रिताचा वैरी

पावसाने जोर धरला, की खानापूरकडील खेड्यांतून पहाटे एक विशिष्ट रुग्ण येणार, हे मी धरून चालतो. रात्री जमिनीवर अंथरूण टाकून निजलेला माणूस पोटदुखीने जागा होतो. पापण्या जड होतात, गिळता येत नाही. अंगावर दंशाची खूण शोधूनही सापडत नाही. घरची मंडळी पित्त समजून ओवा देतात आणि अमूल्य वेळ निघून जातो. हा बहुधा मण्यारीचा दंश असतो.

घोणस डसली तर वेदना व सूज लपत नाहीत. मण्यार मात्र निशाचर. तिचा दंश अनेकदा वेदनारहित असतो. उंदीर, पाली किंवा अन्य साप यांच्या मागावर ती घरात शिरते आणि निजलेल्याने कूस बदलताच चावते. तिच्या विषाने स्नायू लुळे पडतात व अखेर श्वसन थांबते.

२०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली. केंद्र शासनाच्या २०२४ च्या कृती आराखड्याने २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे.

मण्यारीपुरता उपाय साधा आहे. खाटेवर निजावे, मच्छरदाणी लावून तिच्या कडा गादीखाली खोचाव्यात. आग्नेय नेपाळमधील २००७ च्या अभ्यासात मच्छरदाणी सर्पदंशापासूनही संरक्षण देते, असे आढळले. धान्याची पोती व सरपण निजण्याच्या जागेपासून दूर असावे. रात्री बाहेर पडताना पायांत बूट व हाती बॅटरी हवीच. दंश झालाच, तर आवळपट्टी नको, चिरा नको, मांत्रिक नको. अवयव न हलवता थेट रुग्णालय गाठावे.

व्यवसायबंधूंना दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. प्रतिविषाची मात्रा बालकास व प्रौढास सारखीच असते. आणि बाहुल्या विस्फारून प्रकाशाला प्रतिसाद देईनाशा झाल्या, तरी मेंदू मृत झाला असे घाईने मानू नये. कृत्रिम श्वसनाच्या आधारावर असे रुग्ण काही दिवसांत शुद्धीवर येऊन चालत घरी जातात.

म्हणून पावसाळ्यात पहाटेची पोटदुखी आणि मिटत्या पापण्या एकत्र दिसल्या, तर पहिला प्रश्न हाच विचारावा : रात्री कुठे निजला होतात?