उरेल ते ॲनाटेझ

राधानगरीच्या सड्यावरचे बॉक्साइट हाताळले की बोटे तांबडी होतात. ॲल्युमिनियमचे हे धातुक बेळगावच्या ॲल्युमिना कारखान्याला वर्षानुवर्षे जात आले. प्रयोगशाळेत मात्र कधी कधी ॲल्युमिनियमच केरात जमा होते आणि शोध असतो तो शेकड्यात जेमतेम काही भाग असलेल्या ॲनाटेझचा.

ॲनाटेझ म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइड, भिंतीच्या पांढऱ्या रंगात असते तेच. दख्खनच्या काळ्या पाषाणात टायटॅनियम मुळातच बरेच. पाषाण कुजून जांभा होताना पावसाने सिलिका धुऊन नेली; टायटॅनियम जागचे फारसे हलले नाही.

वाळूतले झिरकॉनसारखे जड खनिज जड द्रवात वेगळे करता येते. ब्रोमोफॉर्म या द्रवाची घनता 2.89, त्याहून जड कण तळ गाठतात. ॲनाटेझची घनता 3.9, म्हणजे तेही बुडायला हवे. पण बॉक्साइटमधले त्याचे कण बहुधा मायक्रॉनच्या आसपास आणि लोहखनिजांना बिलगलेले. इथे पाखडून भागत नाही. मग ॲनाटेझला हात न लावता बाकीचे सगळे विरघळवायचे.

वस्त्रगाळ पूड कॉस्टिक सोड्याच्या तीव्र द्रावणात उकळली की गिब्साइट, म्हणजे बॉक्साइटमधले ॲल्युमिनियमचे खनिज, विरघळते. 1888 मध्ये कार्ल बायरने पेटंट घेतलेल्या पद्धतीचा पायाही हाच. केओलिन माती मात्र चिवट! ती विरघळते आणि सोडालाइट बनून पुन्हा गाळात बसते. ते सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाने काढावे लागते.

उरतो तांबडेपणा. त्यावर मेहरा आणि जॅक्सन यांची 1960 ची पद्धत: सोडियम डायथायोनाइट लोहाचे क्षपण करते, सायट्रेट त्याला द्रावणात धरून ठेवते, बायकार्बोनेट आम्लता सांभाळते. सुमारे 80 अंशांवर ढवळता ढवळता लाल गाळ फिकट राखाडी होतो. हे पाहण्यासारखे असते. गोथाइट या लोहखनिजात ॲल्युमिनियम घुसलेले असेल तर ते दाद देत नाही. धुलाई पुन्हा करायची.

उरलेली चिमूट क्ष-किरणांखाली जाते, कारण रुटाइल आणि ब्रुकाइट या खनिजांचेही रासायनिक सूत्र तेच. तांब्याच्या क्ष-किरणांत ॲनाटेझचे मुख्य शिखर 25.3 अंशांच्या कोनावर, रुटाइलचे 27.4 वर. नमुना भट्टीत फार तापवला तर ॲनाटेझचेच रुटाइल होते आणि सगळी मेहनत पाण्यात जाते.

कारखान्यालाही ही ओळख लागते. डायास्पोर या ॲल्युमिनियमच्या दुसऱ्या खनिजाचे बॉक्साइट जास्त तापमानाला शिजवताना ॲनाटेझपासून सोडियम टायटॅनेटची साय कणांवर धरते आणि विरघळणे अडते, म्हणून चुना घालतात. कोल्हापूरकडचे गिब्साइट दीडशे अंशांच्या आतबाहेरच विरघळते. तिथले ॲनाटेझ बरेचसे जसेच्या तसे कारखान्यात उरणाऱ्या लाल चिखलात जाऊन पडते.